युद्धाने देशाचा फायदा होतो का? आधी सांगा, कोणाच्या देशाचा?

सीमेवर तणाव वाढला की दोन गोष्टी हमखास होतात. टीव्हीवरचे अँकर स्टुडिओत बसून युद्ध जिंकतात आणि शेअर बाजारात संरक्षण कंपन्यांचे भाव चढतात. २०२५ च्या मे महिन्यात आपण हे दोन्ही पाहिले. अशा वेळी एक युक्तिवाद मोबाईलवर फिरू लागतो : युद्ध हा खर्च नसून गुंतवणूक आहे. कारखाने चालतात, रोजगार मिळतो, नवे तंत्रज्ञान येते, देश पुढे जातो. आपल्यातलेही अनेक तरुण हा मेसेज पुढे ढकलतात. त्यांच्याकडे एक जादा मुद्दा असतो : "आपली तर महार रेजिमेंट आहे. लष्करामुळेच आपला समाज वर आला."

हा शेवटचा मुद्दा खोटा नाही. म्हणून त्याला घोषणेने उत्तर देऊन चालणार नाही. आम्ही बुद्धाला मानतो, एवढे सांगूनही वाद संपत नाही. ज्याला उत्तर हवे त्याने इतिहासाचा हिशोब मांडावा लागेल. जमेची बाजू प्रामाणिकपणे लिहावी लागेल आणि खर्चाची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे. तो हिशोब आम्ही इथे मांडतो.

जमेची बाजू

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ महार सैनिकांची आहेत, हे आपल्यातल्या लहान मुलालाही पाठ असते. पण त्या शौर्याइतकाच महत्त्वाचा भाग स्तंभावर कोरलेला नाही. तो पगाराचा, शाळेचा आणि पेन्शनचा आहे.

ज्या समाजाला गावात मेलेली ढोरे ओढण्याच्या आणि वेठबिगारीच्या बदल्यात शिळी भाकर मिळत होती, त्याला लष्करात महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळू लागला. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायला लष्करी शाळा होत्या. निवृत्तीनंतर पेन्शन होती. पेन्शन घेणाऱ्या माणसाला पाटलाच्या दारात उभे राहावे लागत नाही. स्वाभिमानाचा आर्थिक पाया तिथे पडला.

त्याचे फळ आपल्या जुन्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतच दिसते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. तिथून त्यांनी लेखणी उचलली, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसक' लिहिले आणि अस्पृश्यतेला धर्मग्रंथांच्या आधारानेच जाब विचारला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे लोक चालत गेले, त्यांत लष्करातून निवृत्त झालेले अनेक जण होते. शिस्तीत चालणे आणि हुकूम देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे त्यांना नवे नव्हते.

एवढी जमा आहे. ती कोणी नाकारू नये.

पण हे युद्धाने दिले का?

इथे थोडे थांबून विचार करा. वलंगकरांना लिहिते कोणी केले? तोफेने की शाळेने? रामजींच्या घरात पुस्तके कशाने आली? लढाईने की पगाराने? आपल्या समाजाला ज्या गोष्टींनी वर काढले त्या तीन होत्या : नियमित पगार, सक्तीचे शिक्षण आणि म्हातारपणची हमी. या तिन्ही गोष्टी सरकारने लष्कराच्या बजेटमधून दिल्या, कारण त्या काळी सरकार आपल्यासाठी दुसऱ्या कोणत्याही बजेटमधून काहीच देत नव्हते. गावातल्या शाळेत जागा नव्हती, कचेरीत नोकरी नव्हती. म्हणून छावणी हाच एक दरवाजा उरला.

आणि तो दरवाजा आपल्या हातात नव्हता. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची फेररचना केली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पक्का झाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. कोरेगावचा स्तंभ उभाच होता, पण त्यावरच्या नावांच्या नातवंडांना आता 'तुम्ही लढाऊ नाही' असे सांगण्यात आले. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दाद मिळाली ती १९१७ साली, पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ पर्यंत पलटण मोडीत निघाली.

गरज सरो, वैद्य मरो. लष्करी खर्चाच्या आधारावर उभी राहिलेली प्रगती अशी असते. ज्याच्या हातात बजेट असते, तो एका सहीने शिडी काढून घेतो.

बिल कोणाच्या नावावर फाटले?

आता खर्चाची बाजू. सुरुवात आमच्या पनवेल तालुक्यातूनच करू.

शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके सगळ्यांना सशस्त्र बंडासाठी माहीत आहेत. पण बंडाआधी ते पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून होते, हे कमी लोकांच्या लक्षात असते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सरकारने रिचर्ड टेंपलच्या सल्ल्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे सुटे पैसे इतकी खाली आणली. खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोही धान्य नाही. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करायचे नाकारले. दुष्काळी कामावर जाणारे लोक कोण होते, हे वेगळे सांगायला नको. भूमिहीन, अस्पृश्य, लहान शेतकरी.

१८७८ मध्ये दुष्काळ निवारणाच्या नावाखाली सरकारने नवे कर बसवले आणि दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपये या कामासाठी बाजूला काढण्याचे वचन दिले. त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनने अफगाणिस्तानवर स्वारी केली. दुष्काळाचे पैसे तिकडे वळले अशी टीका तेव्हाच झाली आणि ती खोडून काढणे सरकारला जमले नाही. युद्धाचा अंदाज इतका चुकला की खर्च अंदाजाच्या कितीतरी पट, सुमारे पावणेदोन कोटी पौंडांवर गेला. इंग्लंडने त्यांतले ५० लाख पौंड दिले. बाकीचे भारताच्या तिजोरीतून गेले. म्हणजे ज्याच्या ताटात एक पौंड धान्य होते, त्याने काबूलच्या लढाईचे पैसे भरले.

पुढची गोष्ट मिठाची. उरण, पेणची मिठागरे आपल्या नजरेसमोर आहेत. १८८५ मध्ये उत्तर ब्रह्मदेश जिंकण्यासाठी युद्ध झाले, रशियाच्या भीतीने सैन्य वाढवले गेले, रुपयाचा भाव घसरला. या ओढाताणीत १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. श्रीमंत माणूस गरिबाच्या दहापट मीठ खात नाही. त्यामुळे मिठाचा कर हा उत्पन्नाच्या मानाने गरिबावरच सर्वांत जड पडतो. वाड्यात राहणाऱ्याने आणि महारवाड्यात राहणाऱ्याने मंडालेच्या विजयासाठी जवळजवळ सारखेच पैसे भरले!

बाबासाहेबांनी हा विषय विद्यार्थिदशेतच हाती घेतला होता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभाराचा आणि अर्थकारणाचा ताळेबंद मांडला. सैन्यावर किती आणि लोकोपयोगी कामांवर किती, हे त्यात आकड्यांनिशी दिसते. युद्धांचे कर्ज भारतीय रयतेच्या माथी कसे मारले गेले, तेही दिसते. आपण त्यांचे सामाजिक लेखन वाचतो आणि हे आर्थिक लेखन कपाटात ठेवतो, ही आपली मोठी उणीव आहे.

तेजी कोणाच्या खिशात गेली?

'युद्धात तेजी येते' हेही खरे आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी भरमसाठ नफा कमावला, कारण लँकेशायरचे कापड येणे कमी झाले आणि लष्करी मागणी वाढली. पण महागाई मजुरीच्या पुढे धावली. युद्ध संपून दोन महिने होत नाहीत तोच, जानेवारी १९१९ मध्ये गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला आणि लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. देशाचा फायदा झाला होता, तर मग हे लोक रस्त्यावर का आले?

आपल्या माणसांची स्थिती त्याहून वाईट होती. गिरणीत जास्त मजुरी देणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेजी आली तरी ती जातीच्या दारावर अडते, हा त्यातला धडा आहे.

१९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची 'भेट' दिली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १५० कोटी रुपये. भेट देणाऱ्या रयतेला कोणी विचारले नव्हते.

१९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. रुपयाची किंमत पडली आणि किमती वाढल्या की व्यापारी-कारखानदारांचा फायदा होतो. हा फायदा राष्ट्राने नव्याने कमावलेला नसतो. किमतींच्या मागे मजुरी रेंगाळते, म्हणून तो मजुराच्या खिशातून निघून मालकाच्या खिशात जातो. युद्धकाळातल्या तेजीला ही कसोटी लावून पाहा. राष्ट्राच्या फायद्याचे अर्धे गणित तिथेच उलगडते.

१९४१ : एका हाताने पलटण, दुसऱ्या हाताने कर

दुसऱ्या महायुद्धाचा काळ आपल्यासाठी जास्त गुंतागुंतीचा आहे. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. महार पलटणीसाठी त्यांनी जोर लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. हा 'लढाऊ जाती'च्या थोतांडाचा पराभव होता. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना सिन्नरला परिषद घ्यावी लागली, कारण सरकारने महार वतनाच्या जमिनींवरचा कर वाढवला होता. ज्या समाजातून सैनिक मागायचे, त्याच समाजाच्या तुटपुंज्या जमिनीवर कर चढवायचा!

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री झाले. कारागिरांना तांत्रिक प्रशिक्षण, सरकार-मालक-कामगार यांच्या संयुक्त परिषदा, धरणांच्या योजना अशी कामे त्यांनी युद्धाच्या धामधुमीत पुढे नेली. १९४६ मध्ये कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. पण युद्धाने त्यांच्याच खात्याला काय करायला लावले तेही बघा. कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांना पुन्हा खाणीत जमिनीखाली उतरवले. ही बंदी तात्पुरती उठवली आहे असे त्यांनी कायदेमंडळात सांगितले, स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन दिल्याचे नोंदवले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे कामगारांना जे मिळाले ते त्या खुर्चीवर कोण बसले होते त्यामुळे मिळाले. युद्धाची स्वतःची ओढ बाईला खाणीत ढकलण्याकडेच होती.

बाहेर काय चालले होते? ब्रिटन भारतातून माल आणि माणसे घेत होते आणि त्याचे पैसे लंडनच्या खात्यात 'जमा' दाखवत होते. त्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. १९३९ मध्ये चलनात २०० कोटींपेक्षा कमी रुपयांच्या नोटा होत्या. १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या पुढे गेल्या. कागदावर भारत ब्रिटनचा सावकार झाला! युद्धाअखेरीस सुमारे १७०० कोटी रुपये भारताचे येणे होते. देश 'श्रीमंत' झाला तो असा. आणि याच श्रीमंतीच्या मध्यावर, १९४३ मध्ये, बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले की त्यांत शेतमजूर आणि मच्छीमार सर्वाधिक होते. युद्धखर्चाने धान्य महाग झाले. कलकत्त्यातल्या लोकांना सरकारने स्वस्त धान्य दिले, पण खेड्यातल्या मजुराची मजुरी तिथेच राहिली.

अमेरिकेचे काय?

इथे कोणीतरी अमेरिकेचे उदाहरण देतोच. १९४० मध्ये तिथे १४.६ टक्के बेकारी होती, १९४४ मध्ये ती १.२ टक्के झाली. आकडे खरे आहेत. पण मंदीमुळे कारखाने बंद पडले होते, माणसे रिकामी होती आणि सरकारने प्रचंड पैसा ओतला म्हणून ती कामाला लागली. तोच पैसा घरे, शाळा, रेल्वे यांवर ओतला असता तरी माणसे कामाला लागली असती. शिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची शहरे बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली नाहीत. युरोपातल्या शहरांना विचारा युद्धाने काय दिले ते. युद्धानंतर तिथला मध्यमवर्ग वाढला, त्यात १९४४ च्या कायद्याने सैनिकांना मिळालेल्या शिक्षणाचा आणि घरकर्जाचा मोठा वाटा होता. त्यातही काळ्या सैनिकांना व्यवहारात डावलले गेले. आपल्या १११ व्या पलटणीची आठवण येते ना?

बाबासाहेबांची भूमिका : सैन्यात वाटा हवा, खर्चाचा हिशोबही हवा

काही मित्र विचारतात, रेजिमेंट मागणारे बाबासाहेब लष्करी खर्चाच्या विरोधात कसे असतील? उत्तर सोपे आहे. ते सैन्याच्या विरोधात नव्हते. हिशोब न देणाऱ्या खर्चाच्या विरोधात होते. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी प्रश्न केला होता : सैन्याचा कर कोणते प्रांत भरतात आणि सैनिकांचा पगार कोणत्या प्रांतांत जातो? १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन प्रसिद्ध करताना त्यांनी हिंदू कोड बिलाबरोबर आणखी एक कारण सांगितले, जे आपण सहसा विसरतो. देशाच्या सुमारे ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात आणि हा बोजा परराष्ट्र धोरणाने मित्र न जोडल्याचा परिणाम आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. सैन्याचा खर्च कमी करायचा तर शेजाऱ्यांशी भांडणे मिटवा, हा त्यामागचा विचार आहे. तो देशद्रोह नव्हता. तो अर्थशास्त्रज्ञाचा ताळेबंद होता.

आजचा हिशोब

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये आहेत. शिक्षण मंत्रालयासाठी सुमारे १ लाख २८ हजार कोटी. शिक्षणाचा मोठा भार राज्ये उचलतात, हे आम्ही मान्य करतो. तरी केंद्राचा कल कुठे आहे तो दिसतोच. शिवाय शस्त्रे आयात करणाऱ्या मोठ्या देशांत आपण अनेक वर्षे आहोत. तो पैसा ना आपल्या कारखान्यात फिरतो, ना आपल्या बाजारात.

आणि ज्या तीन पायऱ्यांनी आपला समाज वर आला, त्यांचे काय झाले? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, शेवटी ११.७१ लाखांच्या आसपास सेवानिधी, शंभरातल्या पंचवीसच जणांना पुढे कायम नोकरी आणि बाकीच्यांना पेन्शन नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या आहेत. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव इथल्या आयुध कारखान्यांतल्या कायम नोकऱ्यांवर आपल्या किती कुटुंबांची एक पिढी शिकली! देहू रोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, ते गावही लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेले. लष्करावरचा एकूण खर्च वाढतो आहे, पण त्यातला जो हिस्सा आपल्या घरात पोचत होता तो आटतो आहे. १८९२ मध्ये दरवाजा बंद केला होता. आज दरवाजा उघडा आहे, फक्त आतली शिडी चार पायऱ्यांची केली आहे.

पनवेल, कळंबोली, कामोठ्याच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्यांत आपल्या वस्त्यांतली बरीच असतात. त्यांना आम्ही धावू नका असे म्हणणार नाही. नोकरीची गरज आहे आणि सैन्यात आपला वाटा हा बाबासाहेबांनी मिळवलेला हक्क आहे. पण धावता धावता हा हिशोबही डोक्यात ठेवा : तुम्हाला हवी आहे ती नोकरी, शिक्षण आणि म्हातारपणची हमी. युद्ध नको आहे. युद्ध झाले तर पहिली गोळी तुमच्या छातीवर असेल आणि पहिला नफा दुसऱ्याच्या डिमॅट खात्यात.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अग्निवीराला पेन्शनची हमी द्या. आयुध कारखान्यांतल्या कायम जागा भरा आणि आरक्षण पाळा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वर्ष संपण्याआधी खात्यावर जमा करा. संरक्षणाच्या प्रत्येक मोठ्या खरेदीचा हिशोब संसदेत मांडा. या मागण्या घेऊन निवेदने द्या, अभ्यासवर्गांत बजेट वाचा, उमेदवारांना प्रश्न विचारा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बदलून सांगितले. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून तो निघाला नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध पुकारायचे ठरवले, तेव्हा तो संघाच्या सभेत उभा राहिला, युद्धाने प्रश्न सुटत नाही असे बजावले आणि बहुमताविरुद्ध मत दिल्याची किंमत म्हणून देश सोडला. पाण्याचे भांडण बसून सोडवता येते, असे त्याचे म्हणणे होते. त्या सभेत सेनापती होता, क्षत्रियधर्माचा दाखला होता, जोश होता. नदीच्या काठावर शेती करणाऱ्यांचा हिशोब मात्र एकट्या सिद्धार्थाने मांडला. टीव्हीवर पुढच्या वेळी युद्धाचा जयघोष सुरू होईल, तेव्हा तो हिशोब मांडण्याची पाळी आपली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!